श्यामच्या आईचा प्रकल्प, चाळीस रुपये

पोस्ट मोठी आहे. घरात शाळेत जाणारं लेकरू असेल तर वेळ काढून वाचा.

मागच्या डिसेंबरात वाटूर फाट्यावर एका स्टेशनरीच्या दुकानात झेरॉक्ससाठी उभा होतो. माझ्यापुढं एक ताई होत्या. डोक्यावर पदर, हातात बाजाराची पिशवी. दुकानदाराला म्हणाल्या, "दादा, श्यामच्या आईचा प्रकल्प हाय का? लेकराला उद्याच द्यायचाय म्हणं." दुकानदारानं मागच्या गठ्ठ्यातून एक फाईल काढून दिली. वर साने गुरुजींचा रंगीत फोटो. आत प्रस्तावना, उद्दिष्टे, लेखक परिचय, कथेचा सारांश, निष्कर्ष. विद्यार्थ्याचं नाव आणि हजेरी क्रमांक एवढी जागा मोकळी. किंमत चाळीस रुपये. ताईंनी पदराची गाठ सोडली, पैसे मोजून दिले आणि फाईलला पाणी लागू नये म्हणून ती भाजीच्या वर ठेवली.

एक आई आपल्या लेकरासाठी दुसऱ्याच्या आईवरचा प्रकल्प विकत घेऊन चालली होती. त्या लेकरानं पुस्तक उघडलं होतं की नाही, कोण जाणे. आपल्या आईबद्दल मात्र त्याला कुणी काहीच विचारलेलं नव्हतं.

मी मराठी शिकवतो. असल्या फायली मी स्वतः वर्षानुवर्षं तपासल्यात, खाली सही करून श्रेणी दिल्यात. त्यामुळं दुकानदारावर किंवा त्या ताईंवर राग काढायला हे लिहीत नाही. एका पुस्तकावर मुलांनी स्वतः काहीतरी करावं, ही मुळात चांगली गोष्ट. ती चाळीस रुपयांच्या फायलीपर्यंत कशी आली, ते बघायचंय. गंमत अशी की हा इतिहास खुद्द साने गुरुजींच्या वर्गापासूनच सुरू होतो.

पांडुरंग सदाशिव साने १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडं आली. तिथं त्यांनी मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढलं. दैनिक म्हणजे रोज! छापखाना नाही, पैसा नाही. हातानं लिहायचं आणि मुलांपुढं ठेवायचं. पुढं १९२८ मध्ये 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केलं. १९३० च्या सविनय कायदेभंगात नोकरी सोडून ते चळवळीत उतरले आणि तुरुंगाच्या फेऱ्या चालू झाल्या.

१९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते, विनोबाही तिथंच. विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे. आज घराघरात असलेली 'गीता प्रवचने' त्या टिपणातून आली. म्हणजे हा माणूस आधी दुसऱ्याचं मन लावून ऐकणारा होता. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. १९३५ साली पुस्तक छापून आलं.

या पुस्तकाची मांडणी आठवा. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस रात्री. आश्रमातली प्रार्थना झाली की मित्र गोळा होतात आणि श्याम आईची एकेक आठवण सांगतो. ऐकणारे मधेच बोलतात, कुणाला गहिवरून येतं, कुणी दुसऱ्या दिवशी लवकर येऊन बसतो. वसतिगृहात मुलांपुढं बसून बोलणाऱ्या, त्यांच्यासाठी रोज हातानं लिहिणाऱ्या मास्तरानं लिहिलेलं हे पुस्तक आहे, हे पानोपानी कळतं.

म्हणून या पुस्तकाला वाचकांनी पुन्हा सांगूनच उत्तर दिलं. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली सिनेमा केला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली आणि गोष्ट सांगणारे गावोगाव पोचले.

आता आपल्याकडं काय होतं ते बघू. पुस्तक लिहिलं गेलं तेव्हा आपला हा सगळा भाग निजामाच्या राज्यात होता. वरच्या वर्गांत शिकायचं ते उर्दूत. उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम १९१८ पासून उर्दूच. सभा-संमेलन घ्यायचं तर आधी परवानगी. 'गश्ती निशाण ५३' हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडून तुम्ही ऐकला असेल. १९३८ च्या शेवटी औरंगाबादच्या कॉलेजातल्या आणि हैदराबादच्या मुलांनी वंदे मातरम् म्हणायचा हट्ट धरला, तर त्यांना काढून टाकलं. कितीतरी जणांना पुढच्या शिक्षणासाठी नागपूर गाठावं लागलं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हेच. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीला शाळेत बसून स्वतःच्या भाषेत स्वतःबद्दल चार ओळी लिहिणं सोपं नव्हतं, हे ध्यानात घ्या. पुढं आपल्या खेड्यातल्या शाळांतून हस्तलिखितं निघाली, त्यांची किंमत मला त्यामुळं जास्त वाटते.

माझ्या वयाच्या लोकांना हस्तलिखित आठवत असेल. पांढरी कार्डशीट, कडेनं स्केचपेनची वेलबुट्टी. ज्यांचं अक्षर मोत्यासारखं त्या दोघा-तिघांनी लिहायचं, चित्रकला बरी असणाऱ्यानं मुखपृष्ठ करायचं, भोकं पाडून रेशमी दोरा ओवायचा. प्रत एकच. २६ जानेवारीला पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन, टाळ्या, आणि मग मुख्याध्यापकांच्या कपाटात कायमचा मुक्काम.

ते दिवस फार सोन्याचे होते असं म्हणत नाही. कारण माझाच किस्सा सांगतो. आम्हाला 'श्यामची आई' वाचून 'माझी आई' लिहायला सांगितलं होतं. मी निबंधमालेतून उतरवलं. माझी आई पहाटे उठून सडा-रांगोळी करते, देवपूजा करते, मला चांगले संस्कार देते. गुरुजींनी वही हातात घेतली, वाचली आणि मान वर न करता विचारलं, "ही आई कुणाची रे?"

मी गप्प. माझी आई पहाटे उठायची ती निंदायला जायला. रांगोळी दिवाळीलाच. गुरुजींनी वही परत दिली. दुसऱ्यांदा लिहिलं ते एक पानभरसुद्धा झालं नाही. त्यात होतं की आई भाकरी बांधून घेते तेव्हा कांदा फोडून एक फाक माझ्यासाठी ठेवून जाते. हस्तलिखितात तेच आलं.

म्हणजे उतरवून काढणं तेव्हाही होतं. फरक एवढाच, की विचारणारं कुणीतरी होतं.

'प्रकल्प' हा शब्द शाळेत कुठून आला तेही सांगतो. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये शिकवणाऱ्या विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्प पद्धतीवर एक लेख लिहिला, तो जगभर गाजला. म्हणणं साधं होतं: मुलानं स्वतः ठरवून मनापासून हातात घेतलेलं काम म्हणजे प्रकल्प. दुसऱ्यानं ठरवून दिलेलं आणि मन नसताना केलेलं काम त्यात बसत नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद घेतली, तिथंही हातानं काम करत शिकायचा मुद्दा मांडला गेला.

आपल्या राज्यात हे कागदावर पक्कं झालं २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं. शिक्षण हक्क कायद्यानंतर पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक मूल्यमापनाची आठ साधनं ठरली: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. हेतू चांगलाच होता. लेकरू तीन तासांच्या पेपरात मावत नाही, हे शासनानं मान्य केलं होतं.

पण नोंद ठेवायची म्हणलं की पुरावा आला आणि पुरावा म्हणलं की फाईल आली. वर्गात चाळीस-पन्नास लेकरं, विषय अनेक, प्रत्येकाची प्रत्येक साधनाची नोंद. त्यात निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. मास्तर दमला. पालक म्हणाले, आम्हाला काय कळतंय त्यातलं. मधली जागा दुकानदारानं भरून काढली. त्यानं गरज ओळखली, एवढंच. "ही आई कुणाची?" हे विचारायला मात्र सवड कुणालाच राहिली नाही. मलाही नाही.

फाट्यावरची ती फाईल बघून आल्यावर मी माझ्या आठवीच्या वर्गात एक गोष्ट करून पाहिली. सांगितलं, फाईल नको, फोटो नको, सारांश नको. पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. तुम्ही त्रेचाळिसावी लिहा. श्यामच्या जागी तुम्ही. कागद रेघोट्या वहीचा चालेल.

पहिले दोन दिवस निबंधच आले. मी प्रत्येकाला जवळ बसवून तेच विचारलं, जे मला विचारलं गेलं होतं. तिसऱ्या दिवसापासून वेगळं यायला लागलं.

एका मुलाचे आईबाप उसाला गेले होते. दिवाळी झाली की टोळी निघते ती उन्हाळ्यातच परत. तो आजीजवळ राहतो. त्यानं लिहिलं: श्याम शिकायला लांब गेला आणि आई घरी राहिली, माझं उलटं हाय, मी घरी आणि आई फडात. पुढं फक्त फोनवरची बोलणी होती. जेवलास का, आजीनं गोळी घेतली का, शाळेत गेलतास का. शेवटी एक वाक्य: आई रोज तेच इचारते आन् मी रोज तेच सांगतो, पण फोन नाही आला तर झोप येत नाही. पुस्तकातली आई जाते तेव्हा श्याम तिच्याजवळ नसतो. ही ताटातूट मी इतकी वर्षं शिकवली, पण त्या कागदावर ती मला नव्यानं दिसली.

दुसरी एक मुलगी. पुस्तकात एक प्रसंग आहे. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजातली एक म्हातारी, तिची लाकडाची मोळी खाली पडते, कुणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर. आम्ही हा प्रसंग नेहमी आईच्या मोठेपणाचा म्हणून शिकवत आलो. या मुलीनं हात वर केला, "सर, आंघोळ कशाला?"

वर्ग शांत. आमच्या वर्गात सगळ्या समाजाची लेकरं आहेत. मी मला जमेल तसं सांगितलं, की शंभर वर्षांपूर्वीच्या कोकणातल्या त्या बाईनं तिच्या घरात राहून जेवढं करता येईल तेवढं केलं. तिचा मुलगा त्याच्या पुढं गेला. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केलं आणि मंदिर खुलं झालं. मुलीनं ऐकून घेतलं. तिची त्रेचाळिसावी रात्र श्यामची नव्हती, त्या म्हातारीची होती. म्हातारी आपल्या नातवंडांना सांगते: पोरगं चांगलं होतं, त्यानं मोळी उचलून दिली. पुढं गेल्यावर मी वळून बघितलं, तर ते आंघोळीला पळत होतं.

एवढंच. मी त्यावर काही लिहू शकलो नाही. श्रेणीच्या रकान्यात काय भरायचं, कळेना.

आता तिसरा कागद. हा सांगायला जड जातो, पण त्याच्याशिवाय ही पोस्ट खोटी होईल.

पुस्तकात श्यामचं घर कर्जात बुडतं. जप्ती येते, सावकाराचा माणूस दारात येऊन नाही नाही ते बोलतो, आई ते ऐकून घेते. एका मुलीनं यावर तिची रात्र लिहिली. आईनं बचत गटातून कर्ज घेतलेलं, हप्ता आठवड्याचा. हप्त्याच्या दिवशी वसुलीवाला ओट्यावर बसून राहतो. आई शेजारणीकडं जाते, तिथून दुसरीकडं. मुलीनं कुठून किती आणले त्याचा हिशोब मांडला होता, बेरीज बरोबर होती. गणिताच्या सरांना दाखवावी अशी. इतकं खरं लिहिलेलं मी बऱ्याच वर्षांत वाचलं नव्हतं.

आणि मी मोठी चूक केली. २४ डिसेंबरला साने गुरुजी जयंतीच्या कार्यक्रमात तो कागद मी वाचून दाखवला. नाव घेतलं नाही. वाटलं, नाव नाही घेतलं म्हणजे झालं. पण गाव केवढं? दुसऱ्या वाक्यालाच बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मुलीची आई मागच्या रांगेत होती. ती उठून गेली. त्यानंतर आठ दिवस मुलगी शाळेत आली नाही.

मी घरी गेलो. माऊलीनं पाणी दिलं, बसा म्हणाली. रागावली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, "सर, तिनं लिहिलं त्याचं काही नाही. खोटं थोडीच लिहिलंय? पण वाचायच्या आधी मला इचारायचं होतं."

परत येताना डोक्यात एकच होतं. साने गुरुजींनी आपल्या घराची कर्जं, जप्ती, आईचा अपमान सगळं पुस्तकात घातलं. पण तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते, आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि जगाला सांगायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं. माझ्या वर्गातली मुलगी तेरा वर्षांची. तिची आई त्याच गावात राहते, त्याच दुकानातून उधारीवर साखर आणते. काय उघडं करायचं हे तिच्या वतीनं मी ठरवून टाकलं. दैनिक असो, हस्तलिखित असो, प्रकल्प असो, मुलाला लिहितं करणं हे निम्मंच काम. त्यानं विश्वासानं हातात दिलेलं सांभाळणं हे उरलेलं निम्मं. ते मला आलं नाही.

आणि तेव्हा फाट्यावरच्या त्या फायलीकडंही मला वेगळं बघावं लागलं. तयार फाईल कुणाच्याच घरात डोकावत नाही. त्या ताईंनी चाळीस रुपये दिले तेव्हा कदाचित वेळ नव्हता, कदाचित लिहिता येत नव्हतं, आणि कदाचित घरातलं घरातच राहावं असंही वाटलं असेल. माझ्यासारखा मास्तर वर्गात असेल तर ते वाटणं चूक कसं म्हणू?

म्हणून आता वर्गात चार गोष्टी ठरवल्यात. शिक्षक मित्रांना उपयोग झाला तर बघा.

१. लिहिलेला कागद लेकराचा. कुणाला दाखवायचा ते त्यानं ठरवायचं. घरचं काही असेल तर आईबापाला विचारल्याशिवाय तो वर्गाबाहेर जाणार नाही.

२. ज्याला स्वतःच्या घरचं लिहायचं नाही त्याला दुसरी वाट मोकळी. श्याम सगळं सांगतो, आई कधीच सांगत नाही. तिच्या बाजूनं एक रात्र लिहा. नाहीतर त्या म्हातारीची लिहा. नाहीतर पुस्तकातले कोकणातले शब्द गोळा करा आणि आपल्याकडं त्याला काय म्हणतात ते आजीला विचारून समोर मांडा. पोफळ आपल्याकडं नाही, पण पळसाच्या पत्रावळी लावणारी माणसं अजून सापडतील.

३. ज्याला लिहायला जमत नाही त्यानं सांगावं. पुस्तकच सांगितलेलं आहे. तोंडी काम हेही आठ साधनांपैकी एक आहे, त्याची नोंद होते, कुणी अडवत नाही.

४. श्रेणी कागदाच्या दुःखाला द्यायची नाही. बारकाईनं पाहिलंय का, स्वतःच्या शब्दात मांडलंय का, एवढंच बघायचं. नाहीतर लेकरं उद्या गुणांसाठी रडकं लिहायला लागतील, आणि त्याचीही फाईल फाट्यावर मिळायला वेळ लागणार नाही.

ती मुलगी परत आली. पहिले काही दिवस माझ्याकडं बघत नव्हती. मी तिची माफी मागितली, वर्गासमोर नाही, एकटीला. तिनं मान हलवली. महिन्याभरानं आणखी एक कागद आणून दिला. चार घड्या घातलेला, वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: फक्त सरांनी वाचावे.

वाचला. घडी घालून परत दिला. त्यात काय होतं ते इथं सांगणार नाही.

तुमच्या शाळेत हस्तलिखित निघायचं का? आपल्या भागातल्या कुणाच्या घरी, कुणा जुन्या शाळेच्या कपाटात एखादं पडून असेल तर जरूर कळवा, बघायला येतो. आणि आज संध्याकाळी लेकरू प्रकल्पाचे पैसे मागायला आलं, तर देण्याआधी पाच मिनिटं जवळ बसवा. विचारा, कोणतं पुस्तक आहे, त्यात काय आहे, तुला काय वाटलं. एवढ्यावर अर्धा प्रकल्प होतो.